अर्ध्या इंचाची माया

नवऱ्याची पँट गुपचूप शिवणीत आत घ्यायचं तिनं ठरवलं, तेव्हा तिच्या मनात पाप नव्हतं. लबाडी मात्र होती, चांगली मूठभर होती, आणि ती करताना बाई चक्क गुणगुणत होत्या.

ती शिवणकाम करायची. नवा कपडा शिवून घेणारं गिऱ्हाईक हल्ली उरलंय कुठं? सगळे तयार कपडे आणतात, ते अंगाला होत नाहीत, आणि मग हिच्या दारात उभे राहतात. लांबचं आखूड करायचं, घट्टचं सैल करायचं, यातच तिचा दिवस जायचा. गल्लीत तिला मापवाल्या बाई म्हणत, कारण माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या कंबरेचं माप तिच्या डोळ्यांनी घेऊन झालेलं असायचं. टेप ती नुसती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावायची.

नवरा चावीवाला. बाजाराच्या तोंडाशी त्याचं लाकडी दुकान होतं, इतकं चिंचोळं की आत दोन स्टुलं मांडली की वाऱ्यानं बाहेर थांबायचं. दोन स्टुलं, कारण दुकान दोघा भावांचं. थोरला कुलपं दुरुस्त करायचा, धाकटा चाव्या घासायचा. दुपारचा चहा आला की एका काडीवर दोघांच्या सिगारेटी पेटायच्या. ती काडी विझेपर्यंत थोरल्यानं धरून ठेवायची, असा त्यांचा रिवाजच होता.

थोरल्याला ती भाऊजी म्हणायची. भाऊजींचं वजन उतरायला लागलं, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, आणि सगळ्यात जास्त तिनं. ‘काय भाऊजी, हिरो दिसायला लागलात की!’ म्हणत तिनं त्यांच्या पँटी आत घेऊन दिल्या. थोड्या दिवसांनी त्या पुन्हा सैल झाल्या, तिनं पुन्हा आत घेतल्या. तिसऱ्यांदा मागच्या शिवणीत एवढं कापड गोळा झालं की सुई चालेना. तोवर भाऊजींची पाठ दुखत होती, जेवण जात नव्हतं, आणि डोळे पिवळे दिसत होते. तिनं कात्री घेतली आणि आतली जास्तीची माया कापून टाकली.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा कुणी वापरला देव जाणे, पण त्याला शिवणही कळत होती आणि घरही. आत माया असली, की माणसाचं अंग भरलं तरी शिवण उसवून कपडा सैल करता येतो. ती कापली की तो रस्ता बंद. भाऊजींच्या पँटीची माया कापताना तिच्या हाताला समजलं की हे कापड आता कधीच सोडावं लागणार नाही. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती.

स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. “नाव तर मिठाईच्या दुकानाचं वाटतंय,” असं भाऊजी दवाखान्यातल्या खाटेवर म्हणाले होते, आणि धाकटा हसता हसता तोंड फिरवून रडला होता. शेवटी शेवटी भाऊजींच्या पोटात पाणी झालं. हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र तट्ट फुगलेलं. त्यानंतर त्यांची पँट हा विषयच उरला नाही.

ते गेल्यावर नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला समोर बसवलं.

“सख्ख्या भावाला झालं म्हणून तुम्हाला होईलच असं मुळीच नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही जरा जास्त सांभाळायला हवं. सिगारेट बंद. ती सगळ्यात आधी. दारू जमेल तेवढी कमी, सुटलीच तर उत्तम. तो पोटाचा घेर आहे ना, तो उतरवा. रोज चाला. ताटात भाज्या-फळं जास्त, डब्यातलं खारवलेलं मांस आणि गोड पेयं कमी. आणि रक्तातली साखर अधूनमधून तपासून घ्या.”

“आणि मग जगायचं कशासाठी?”

“बायकोनं शिवलेल्या पँटी घालण्यासाठी.”

तो हसला. घरी येताना म्हणाला, सोमवारपासून सुरू करतो. सोमवार येत होते आणि जात होते, पण त्याचा सोमवार काही उगवला नाही. भाऊ गेल्यापासून उलट सिगारेटी वाढल्या. “दादाच्या वाटणीची ओढतो,” म्हणायचा. चहा आला की काडी पेटवायचा आणि विझेपर्यंत धरून ठेवायचा. ती काही बोलायला गेली, की स्वतःच्या पोटावर थाप मारून ठरलेलं उत्तर द्यायचा: “एवढं कुठं वाढलंय? माझी पँट मला होते आहे ना? मग झालं तर!”

आता यावर काय बोलणार? पँट होत होती, कारण गेली कित्येक वर्षं ती स्वतःच ती गुपचूप सैल करत आली होती. धुवून वाळलेली पँट घडी घालायच्या आधी ती मागची शिवण थोडी उसवायची, आतली माया थोडी सोडायची, पुन्हा टाके घालायची. नवऱ्याला घट्ट वाटू नये, एवढाच त्यात हेतू. पोट वाढत गेलं आणि साहेबांना पत्ताच नाही. इतक्या वर्षांत आपण प्रेमानं काय करून ठेवलं, हे तिला एका दुपारी दुसऱ्याच कुणाची पँट सैल करताना लख्ख कळलं, आणि तिनं मशीन थांबवलं.

त्याला पँटीचंच ऐकायचं असेल, तर पँटीनंच सांगू दे.

त्याच्या दोन पँटी होत्या, एक राखाडी आणि एक तपकिरी. तो राखाडी घालून गेला, की ती तपकिरी घ्यायची. मागच्या शिवणीत अर्धा इंच आत. दुसऱ्या दिवशी राखाडीवर तोच प्रयोग.

“ही आटली काय गं?” सकाळी हुक लावताना श्वास कोंडून त्यानं विचारलं.

“इतकी वर्षं धुतेय, आजच आटायला तिला काय झालं? कापड नाही आटलं, तुम्ही वाढलात.”

तो आरशासमोर कडेनं उभा राहिला. पोट आत घेतलं, बाहेर सोडलं, आणि निघून गेला. ती मशीनवर बसून खुदकन हसली.

पँटीनं जे केलं ते तिच्या जिभेला इतक्या दिवसांत जमलं नव्हतं. तो दुकानात बसनं जायचा, तो चालत जायला लागला. चहातली साखर गेली. शनिवारी मित्रांबरोबर ग्लास घेऊन बसायचा, ते बसणं ‘आज कंटाळा आलाय’ या सबबीवर तीन-चारदा हुकलं आणि मग सुटलंच. ताटात भाज्यांचा ढीग पडला तरी कुरकूर नाही. आता पोट खरोखरच उतरू लागलं, आणि तिथं बाईंची पंचाईत झाली. पोट उतरलं की पँट सैल व्हायची, आणि सैल झाली की साहेब पुन्हा साखरेकडे वळतील ही धास्ती. म्हणून ती आणखी आत घ्यायची. तो झिजत होता आणि ती त्याच्या मागे मागे शिवत होती.

धुण्याआधी कपड्यांचे खिसे उलटे करायची तिला सवय होती. त्याच्या शर्टाच्या खिशाच्या कोपऱ्यात नेहमी तंबाखूचा भुगा निघायचा. एके दिवशी निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं शर्ट नाकाशी धरला. लोखंडाच्या किसाचा आणि घामाचा वास होता, धुराचा नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या अकलेवर ती इतकी खूश झाली, की त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या तिनं उलट्या बसवल्या.

पण घरात काहीतरी बिनसत होतं. तो बोलेनासा झाला. पूर्वी दाराबाहेरूनच दिवसभराच्या गमती सांगत आत यायचा. कोण स्वतःच्याच घरात अडकलं, कुणी सासूच्या खोलीची चावी दोनदा करून नेली. आता येऊन नुसता बसायचा, एक हात पोटावर. ती कामात असली की तिच्याकडे बघत राहायचा. तिनं वर पाहिलं की नजर काढून घ्यायचा.

“काय बघताय?”

“काही नाही. शीव तू.”

मग कपाटाचं कुलूप.

त्यांच्या कपाटाचं कुलूप लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून बिघडलेलं होतं. चावी अर्धी फिरवायची, दार जरा वर उचलायचं, मग गुडघ्यानं एक धक्का द्यायचा. हे तंत्र फक्त त्यालाच येई. गावभरची कुलपं उघडणाऱ्या माणसाच्या घरातलं कपाट त्याच्या बायकोला उघडत नाही, यावर भाऊजींनी आयुष्यभर विनोद केले होते. ती रोज हाक मारायची, “अहो, कपाट!” आणि तो हातातलं टाकून यायचा. दुरुस्त करा म्हटलं की म्हणायचा, “मग तू मला हाक कशाला मारशील?”

एका रविवारी त्यानं ते कुलूप काढलं, खिडकीशी बसून साफ केलं, नवी स्प्रिंग घातली, तेल दिलं आणि परत बसवलं.

“उघडून बघ.”

तिनं चावी लावली. लोण्यातून फिरावी तशी ती फिरली, आणि दार आपसूक उघडलं.

“अरे वा! आज सूर्य कुठून उगवला?”

“तुला एकटीला उघडता यायला हवं,” तो म्हणाला. मग तिला पाण्याचा मुख्य नळ कुठं बंद करायचा ते दाखवलं. मागच्या दाराची चावी कोणती, माळ्यावरच्या पेटीची कोणती, तेही सांगितलं. सांगताना तो वाकला, आणि तिचं लक्ष त्याच्या मानेकडे गेलं.

शर्टाची कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली होती. तो शर्ट तिनंच शिवला होता, गळ्याचं माप तिला झोपेतही सांगता आलं असतं. कॉलर आणि मान यांच्यामध्ये आता तिची दोन बोटं सहज गेली असती. भाऊजींची मान अशीच दिसायला लागली होती.

तुम्ही म्हणाल, माणूस महिनोन्महिने चालतोय, साखर सोडलीय, दारू सोडलीय, मग मान बारीक होणार नाही तर काय? सगळं खरं. पण घाबरलेल्या मनाला असा सरळ हिशेब कुणी शिकवलाय? ज्या उतरलेल्या अंगासाठी ती देवाला हात जोडत होती, तेच समोर उभं राहिलं आणि तिला भाऊजी दिसले. हे न बोलणं, टक लावून बघणं, एकटीला कपाट उघडता यायला हवं हे वाक्य, सगळं एका जागी आलं. याला काहीतरी होतंय, आणि हा ते लपवतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हातातलं काम तसंच टाकून, ती जाऊबाईंकडे गेली. जाऊबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. नवरा गेल्यापासून त्या कमी बोलत, पण जे बोलत ते तोडून बोलत.

“ये. मला वाटलंच होतं तू येशील,” त्या म्हणाल्या.

“का? काय झालं?”

“मी शपथ घातलीय स्वतःला, सांगणार नाही म्हणून.” त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला. “पण शपथेपेक्षा तू मोठी आहेस. तो मागच्या आठवड्यात आला होता इथं. तुझ्या भाऊजींचं कसं सुरू झालं, ते विचारत होता. पोट आधी फुगलं की नंतर, हे तीन वेळा विचारलं त्यानं. मी म्हटलं, अरे, आता कशाला उकरतोस ते? तर म्हणाला, ‘वहिनी, माझं पोट फुगत चाललंय. जेवण कमी केलं, चालतो, सिगारेट सोडली, तरी रोज पँट घट्ट होते. वर हात बारीक झालेत. दादासारखं.’ आणि मग म्हणाला, ‘माझ्यामागं तिला एकटीला सोडू नका.’”

ती पेला हातात धरून बसून राहिली.

“काय झालं गं? अशी का पांढरी पडलीस?”

“जाऊबाई,” ती म्हणाली, “पँट मी घट्ट केलीय.”

“म्हणजे?”

“मी. पुन्हा पुन्हा. अर्धा अर्धा इंच. पोट कमी करावं म्हणून.”

जाऊबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आधी त्यांचा चेहरा रागानं भरला, मग ओठ थरथरले, आणि त्या पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. भाऊजी गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. हसता हसताच त्या ओरडल्या, “बसलीस काय भवाने? पळ! तो बिचारा मरणाची तयारी करतोय तिकडं!”

ती पळाली. पायात कुणाच्या चपला घातल्या हेही तिनं पाहिलं नाही. एक तिची होती आणि एक जाऊबाईंची. दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या चहावाल्या बाईंनी सांगितलं, “डॉक्टरकडे गेलेत. तोंड बघवत नव्हतं हो त्यांचं.”

दवाखान्यात बाहेर कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तो वजनकाट्यावर उभा होता, आणि डॉक्टरीणबाई त्याच्या कंबरेभोवती टेप लावून बुचकळ्यात पडल्या होत्या.

“वजन चांगलं उतरलंय. घेरही उतरलाय. पोट मऊ आहे, पाणीबिणी काही नाही. आणि तुम्ही म्हणता पोट फुगतंय?”

“पण पँट, डॉक्टर! रोज घट्ट होते. पँट कशाला खोटं बोलेल?”

“पँट खोटंच बोलतेय,” ती दारातून म्हणाली. तिला धाप लागली होती. “मी बोलायला लावलंय तिला.”

दोघांनी वळून पाहिलं. मग तिनं सगळं सांगितलं, राखाडी, तपकिरी, अर्धा इंच, सगळं. डॉक्टरीणबाई चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. तो हसला नाही. काट्यावरून खाली उतरला आणि खुर्चीत बसला, जणू कुणी त्याच्या पाठीवरचं पोतं उतरवलं होतं आणि आता त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं.

“तरी आपण रक्त तपासू, सोनोग्राफीही करू,” डॉक्टरीणबाई गंभीर होत म्हणाल्या. “तुमच्या कष्टानं वजन उतरलंय ते छानच. काही न करता उतरलं असतं, तर मीच आधी घाबरले असते.”

“म्हणजे मला आता तो आजार होणार नाही?”

“असं मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. सगळं नीट करणाऱ्यालाही कधी होतं, आणि काहीच न करणारा एखादा म्हातारा होऊन सुखानं मरतो. शक्यता कमी होते, एवढंच. पण तेवढं आपल्या हातात आहे.”

येताना तो पुढं पुढं चालत होता. महिनोन्महिने चालून पाय तयार झालेले, तिला गाठता येईना. बागेच्या कठड्यापाशी तो एकदम थांबला.

“मी रोज सकाळी हुक लावताना मरत होतो,” तो म्हणाला. “तू चहा घेऊन यायचीस आणि म्हणायचीस, तुम्ही वाढलात. आणि हसायचीस. मला वाटायचं, हिला हसू दे, जेवढे दिवस आहेत तेवढे. तुला सांगायचं कसं, या विचारानं माझं डोकं फुटत होतं.”

“चुकले मी.”

“कपाट दुरुस्त केलं मी! लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनचं!”

ती रडायला लागली. रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. “मला तुम्ही हवे आहात,” ती म्हणाली. “मला ती कात्री पुन्हा हातात घ्यायची नाही. भाऊजींच्या पँटीची माया मी कापली होती. शेवटची. कापली तेव्हाच मला कळलं होतं की ते परत जाड व्हायचे नाहीत. तुम्ही सगळे औषध बदलायचं बोलत होता आणि मी माया कापून बसले होते. मला तुमची कापायची नाही. म्हणून मी वेड्यासारखं केलं.”

त्याचा राग कुठं गेला ते त्यालाच कळलं नाही. त्यानं रुमाल काढला, पण तो कुलपांच्या तेलानं काळा झालेला होता, म्हणून शर्टाच्या बाहीनं तिचे डोळे पुसले.

“एक खरं सांगू?” तो म्हणाला. “सिगारेट मी भीतीनं सोडली होती. आता भीती गेली. उद्या दुपारी चहा येईल, तेव्हा काय करू? काडी पेटवली की दादा शेजारी बसल्यासारखा वाटतो. आणि डॉक्टरीणबाई तर म्हणतात, सगळं करूनही खात्री नाही. मग कशासाठी करायचं?”

तिला शिवणकामच येत होतं.

“कपडा शिवताना आम्ही माया सोडतो,” ती म्हणाली. “ती लागेलच असं नसतं. कितीतरी कपडे फाटून जातात, तरी आतली माया तशीच असते, नवी कोरी. तरी सोडतो. लागली तर असावी म्हणून.”

दोघं चालत घरी आली, या वेळी बरोबरीनं.

घरी आल्यावर त्यानं पँट उलटी करून पाहिली. मागच्या शिवणीत एकामागं एक टाक्यांच्या ओळी होत्या, आणि आत कापडाची जाडजूड घडी. तो त्या घडीवरून अंगठा फिरवत राहिला. तिनं शेवटची ओळ उसवली, मग आणखी एक, आणि पँट त्याच्या नव्या कंबरेला बरोब्बर बसली. बाकीची घडी आतच राहिली. भाऊजींच्या पँटीत याहून जास्त होती.

तपासण्या चांगल्या निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारच्या चहाला दुकानात यायला लागली. भाऊजींच्या स्टुलावर बसायची, चहा व्हायचा, आणि मग मागच्या रस्त्यानं एक फेरी मारून ती घरी, तो कामावर. काही दिवस असे नीट गेले. पण सगळेच दिवस सारखे नसतात.

एके दिवशी ती पोचली तेव्हा त्याच्या समोर एक जुनं, जड कुलूप उघडून पडलेलं होतं. आत स्प्रिंगच्या जागी सायकलच्या तारेचा एक तुकडा, विशिष्ट प्रकारे वळवलेला. तसा तो एकच माणूस वळवायचा.

“दादाचं काम आहे,” तो म्हणाला. “बघ, अजून चालतंय.”

त्याच्या बोटांत सिगारेट होती. चहावाल्या बाईंकडून घेतलेली असावी. अजून पेटवलेली नव्हती. तिनं पाहिलं आणि ती भाऊजींच्या स्टुलावर बसली. काडेपेटी भावाच्या वेळेपासून वरच्या फळीवर असायची. ती काढायला तो स्टुलावरच मागं रेलला, हात वर ताणला, आणि एकदम कळवळला.

“आई गं! ही मागची शिवण!” सिगारेट तशीच बोटांत ठेवून तो पाठ चोळायला लागला. “केवढी घडी ठेवलीयस आत. बसलं की रुततं, उठलं की रुततं.”

त्याचा हात पाठीवर थांबला. मग त्यानं त्या सिगारेटकडे पाहिलं, समोरच्या कुलपाकडे पाहिलं, आणि सिगारेट उघड्या कुलपाशेजारी ठेवून दिली. काडेपेटी वरच राहिली. त्यानं दादाची तार पुन्हा जागेवर बसवली, कुलूप बंद केलं, चावी फिरवून पाहिली. मग चहाचा कप उचलला.

“आता एवढं कापड मला कधी लागणार आहे?” तो हळूच म्हणाला. “कापून टाक ना ती माया. टोचते.”

“टोचू दे,” ती म्हणाली.